कोंबड्यांना ऐकू येत होतं

सोमवारी पहाटे वारा पडला. आठवडाभर दक्षिणेकडून असा काही सुटला होता की प्लम ग्रोव्हमधल्या बायकांनी दोरीवर कपडे घालायचं सोडूनच दिलं होतं. आणि आता एकदम चिडीचूप. गवतावर दव, आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख, आणि टेकाडांच्या पलीकडून राखेचा हलकासा वास. मार्चअखेर म्हणजे कॅन्ससच्या या टेकाडांत कुरणं जाळायचे दिवस. जुनं वाळकं गवत पेटवून दिलं की पंधरा दिवसांत कोवळं हिरवं फुटतं आणि गुरं त्यावर तुटून पडतात. वारा नेमस्त झाला की ज्याच्या त्याच्या खिशात काडेपेटी खुळखुळायला लागते.

मर्ल डिटमरच्या खिशात मात्र काडेपेटी नव्हती. त्याच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत लॅपटॉप, तीन वायरी आणि बायकोनं, म्हणजे ओलेटानं, कागदात गुंडाळून दिलेले दोन बिरॉक – कोबी आणि खिमा भरून भाजलेले पाव. चौतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतर करून गुडघ्यांचं पार भजं झालं, तेव्हा मर्लनं खांब सोडले. पण लोकांच्या घरच्या वायरींत बोटं घालायची खोड काही सुटली नाही. आता तो दर सोमवारी गावभर फिरून म्हाताऱ्यांचे स्कॅनर अपडेट करून द्यायचा.

ऑक्सली काउंटीत स्कॅनर, म्हणजे पोलिसांचं आणि बंबवाल्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं डबडं, नाही असं घर शोधावंच लागेल. फ्रीजच्या डोक्यावर नाहीतर ब्रेडच्या डब्याशेजारी ते डबडं दिवसभर खरखरत असतं. आगीचा बंब कुठं निघाला, शेरिफनं कुणाला अडवलं, कुणाची गाय रस्त्यावर आली, सगळं त्यातून कळतं. कुरण जाळणाराही आधी डिस्पॅचला, म्हणजे बंब-पोलिसांना वर्दी देणाऱ्या कचेरीला, फोन करून सांगतो, 'मी अमक्या ठिकाणी जाळतोय'. डिस्पॅचवाली ते रेडिओवर सांगते. मग धूर दिसला तरी घराघरात लोक मान डोलावतात, 'हां, तो हॉवर्टरचा धूर', आणि पुन्हा भांडी घासायला लागतात.

या डबड्यात पिनकोड घालायचा. मग ते आपल्या पोटातल्या यादीत बघतं की या जागेच्या आसपास कोणकोणते टॉवर आहेत, आणि तेवढ्यांचंच ऐकवतं. यादी बदलत राहते म्हणून दर सोमवारी नवी उतरवून घ्यायची. ही यादी कुठली कंपनी करत नाही; देशभरातले मर्लसारखेच रिकामटेकडे हौशी लोक इंटरनेटवर आपापल्या भागाची माहिती भरतात. ऑक्सलीची माहिती अकरा वर्षं मर्ल भरत होता. गेल्या महिन्यात काउंटीनं नवा टॉवर उभारला; जुना याच सोमवारी सकाळी बंद होणार होता. ती नोंदही मर्लनंच भरली. ती याच सोमवारच्या यादीत येणार होती. सकाळी उठल्यापासून मर्लची छाती त्या टॉवरएवढीच उंच झाली होती.

त्यात बुधवार जवळ आलेला. बुधवारी काउंटीच्या बैठकीत मतदान होतं. फायर चीफ गारलंड श्वेंक याला आगीच्या चॅनेलला कुलूप घालायचं होतं. म्हणजे आवाज असा गुंडाळून सोडायचा की बंबवाल्यांशिवाय कुणालाही ऐकू येऊ नये. गारलंडचंही अगदीच खोटं नव्हतं. शरद ऋतूत एका गोठ्याला आग लागली, तेव्हा स्कॅनर ऐकून चर्चच्या बायका सँडविचचे डबे घेऊन बंबाच्या आधी पोचल्या आणि फाटकातच गाड्या लावून बसल्या. बंब बाहेर, आग आत आणि मध्ये चिकन सॅलड.

पण कुलूप लागलं तर मर्लच्या सोमवारांचं काय? गुडघे गेलेल्या माणसाला चाळीस घरांत खुर्ची मिळते, कॉफी मिळते, 'मर्ल आला' म्हणून दार उघडतं, ते सगळं त्या डबड्याच्या जिवावर. बैठकीसाठी त्यानं दोन पानी भाषण लिहून ठेवलं होतं आणि ओलेटाला तीनदा वाचूनही दाखवलं होतं. तिसऱ्यांदा ती उठून कोंबड्यांकडे गेली होती.

पहिलं घर अर्डिथ पेकमबाईंचं. वय चौऱ्याऐंशी. मर्ल आणि गारलंड, दोघांनाही सातवीत भूगोल त्यांनीच शिकवलेला. त्यामुळे दोघं अजून त्यांच्यासमोर टोपी काढून उभे राहत. मर्लनं अपडेट करून दिला, बिरॉक खाल्ला, तो पुढच्या घरी गेला. तिथली वायर नुकती गुंडाळतोय तोच फोन वाजला.

"मर्ल, पोरा, तू माझा स्कॅनर मारलास."

"काय झालं, अर्डिथबाई?"

"काय झालं काय! मेला बोलत नाही. तू गेल्यापासून नुसती रेल्वेची बडबड. मालगाडीला किती डबे आहेत ते ऐकून मी काय करू, झेंडा दाखवू?"

"मागच्यासारखं नाही ना केलंत? विणायची सुई 'हे चॅनेल टाळा'च्या बटणात घालून सगळं अग्निशमन दल गप्प केलं होतंत."

"सुई टोपलीत आहे आणि मी शुद्धीत आहे. ये इकडे."

मर्ल आला. वायर बघितली. लाल चिकटपट्टीची वायर फक्त चार्ज करते, तिच्यातून माहिती जात नाही. पिवळ्या पट्टीची खरी. पिवळीच होती. लॅपटॉप स्कॅनरला ओळखतो की नाही ते पाहिलं. नीट ओळखत होता. तरी ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. मेमरी कार्ड बाहेर काढून त्यावर फुंकर मारली, शर्टाला पुसलं, परत बसवलं. सॉफ्टवेअर मुळापासून नव्यानं घातलं. पिनकोड पुन्हा टाकला. पोलीस, आग, रुग्णवाहिका, सगळे पर्याय चालू. स्कॅनर मजेत रेल्वेचं ऐकवत होता, हवामान खात्याचं ऐकवत होता, शेजारच्या काउंटीत कुणाची मेंढरं हरवली तेही ऐकवत होता. ऑक्सलीचं अवाक्षर नाही.

"यादीत काही गडबड असेल," अर्डिथबाई म्हणाल्या.

मर्लनं चष्म्यावरून त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी चर्चमध्ये शिवी दिली. "अर्डिथबाई, यादीत चूक असूच शकत नाही. यादी मी भरलीय."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. दुपारी स्वतःच्या स्वयंपाकघरातला स्कॅनर अपडेट केला, तोही मुका झाला. आणि टेकाडावर तर धूर दिसत होता. म्हणजे कुणीतरी जाळत होतं, डिस्पॅचवाली बोलत असणार. मर्लच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मतदानाआधीच! गारलंडनं मतदानाआधीच कुलूप ठोकलं!

तो तडक कॅफेत गेला. सोमवार असल्यामुळे चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा रोल खायला निम्मं गाव जमलेलं. मर्लनं टोपी खुंटीला अडकवली आणि बोलायला तोंड उघडलं. ते चारपर्यंत मिटलं नाही.

"चोरून! लोकांना विचारायच्या आधी कुलूप घालून बसलाय गडी. मी सातवीपासून ओळखतो त्याला. परीक्षेत माझा नकाशा बघून काढायचा."

"तुझा बघून? मग तो नापासच झाला असेल," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. पण हसता हसताही गोष्ट लोकांच्या मनात रुतून बसली. संध्याकाळपर्यंत काउंटीभर झालं: गारलंडनं कुलूप घातलं.

मंगळवारी वारा इतका गुणी होता की परमेश्वरानं तो कुरणं जाळण्यासाठीच दिला असावा. सकाळी नऊपासून चाळीसेक शेतकऱ्यांनी टेकाडं पेटवली. एरवी लोकांनी स्कॅनर ऐकून मान डोलावली असती. आज स्कॅनर मुका, आणि चहूकडे धूर. मग काय, प्रत्येकानं धूर दिसला की डिस्पॅचला फोन लावला. "माझ्या पश्चिमेला धूर दिसतोय, तो जाळतायत की जळतंय?" डिस्पॅचवाल्या ट्रिशचे दोन्ही फोन अडकले. त्यामुळे ज्यांना खरंच 'मी जाळतोय' म्हणून सांगायचं होतं त्यांचा फोन लागेना. त्यांनी काही वेळ वाट बघितली आणि पेटवून दिलं. मग त्यांच्या धुराला वर्दी गेली आणि गारलंडचा बंब घंटा वाजवत जिथं कुणी बोलावलंच नव्हतं अशा शेतात जाऊन उभा राहायला लागला.

"काय रे गारलंड, कशाला आलास?"

"आग लागली म्हणाले."

"मीच लावलीय. आठवडाभर वाऱ्याची वाट बघत होतो. आता आलाच आहेस तर त्या कडेला एक पाइप धर."

असं सहा वेळा झालं. सहाव्या ठिकाणी हॉवर्टरनं त्याला सरळच विचारलं, "कुलूप लावून काय मिळवलंस रे?" गारलंडच्या भुवया जळायच्या राहिल्या होत्या, एवढंच. तो ओरडला, "मी कुलूप लावलेलं नाही!" पण भुवयांवर राख बसलेल्या माणसाचं कोण ऐकतं? कॅफेत मर्लच्या कानावर हे आलं तेव्हा त्यानं दालचिनीचा दुसरा रोल मागवला.

"लावलं नाही म्हणे," तो म्हणाला. "मग आवाज काय हवेनं गिळला?"

बुधवारी सकाळी मर्लनं इस्त्रीचा शर्ट घातला. दोन पानांचं भाषण खिशात, बैठक दहा वाजता. ओलेटा अंड्यांची बादली घेऊन मागच्या दारानं आत आली आणि पाय पुसता पुसता म्हणाली, "रेल्वेरुळाकडच्या कुरणात बंब गेलाय. सहा वाजताच. कुणी गंभीर नाही, एक जुनी शेड गेली."

"तुला कसं कळलं?"

"कोंबड्यांकडून."

"ओलेटा, थट्टा पुरे."

"थट्टा कसली? खुराड्यातला तुझा स्कॅनर सकाळपासून ओरडतोय. काल तर दिवसभर. मला वाटलं, तूच काहीतरी करून लावलास. ट्रिश बिचारी रडायच्या बेतात होती."

मर्लच्या हातातला कप तसाच राहिला. खुराड्यात एक जुना, काच तडकलेला स्कॅनर होता. माणसाचा आवाज ऐकून कोल्ही आणि रॅकून फिरकत नाहीत म्हणून इथं लोक खुराड्यात रेडिओ लावून ठेवतात. मर्लला रेडिओ विकत घ्यायची गरज नव्हती, त्यानं मोडका स्कॅनर टांगला होता. फेब्रुवारीत नव्या टॉवरची चाचणी चालू असताना त्यानं सगळे आकडे त्याच्यात हातानं घातले होते. तो कधी अपडेट होत नव्हता, पिनकोड बघत नव्हता, यादी बघत नव्हता.

इस्त्रीचा शर्ट, घरातल्या सपाता, तसाच मर्ल अंगणातून पळत सुटला. त्याला पळताना बघून ओलेटाला वीस-बावीस वर्षं झाली असतील. खुराड्यात दांडीवर अकरा कोंबड्या आणि वर टांगलेला स्कॅनर. त्यातून गारलंडचा आवाज घंटेसारखा स्वच्छ येत होता: "शेड विझली. परत निघतोय. आणि ट्रिश, मला आज बैठकीत फाडून खाणार आहेत, तेवढं कॉफीचं बघ."

कुलूप नव्हतं. कधीच नव्हतं.

मर्लनं लॅपटॉप खुराड्यातच, दाण्याच्या पिंपावर उघडला. आपली नोंद काढली. टॉवरचं नाव बरोबर, आकडे बरोबर, वर्तुळ तीस मैल, बरोबर. अक्षांश बरोबर. रेखांश... अमेरिकेतल्या प्रत्येक रेखांशाआधी वजाची खूण लागते, कारण आपण पश्चिमेला. मर्लच्या नोंदीत ती खूण नव्हती. त्यानं नकाशाचं बटण दाबलं. पृथ्वी गरकन फिरली, समुद्र ओलांडला, आणि ऑक्सली काउंटीचा टॉवर चीनमधल्या एका उजाड, वाळवंटी पठारावर जाऊन उभा राहिला. त्याच्याभोवती तीस मैलांचं निळं वर्तुळ, आणि त्यात ना गाव, ना गाय.

म्हणजे काउंटीतला नवी यादी घेतलेला प्रत्येक स्कॅनर इमानदारीनं विचारत होता, 'इथं जवळपास ऑक्सलीचा टॉवर आहे का?' आणि यादी तितक्याच इमानदारीनं सांगत होती, 'छे, तो चीनमध्ये.'

एक कोंबडी मर्लच्या खांद्यावर उडून बसली. त्यानं तिला हाकललं नाही.

ओलेटा दारात उभी होती. तिनं पडद्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "कुणाला माहीत आहे?"

"तुला आणि मला."

"आणि यांना," तिनं दांडीकडे हात केला. "बैठकीत काय सांगणार आहेस?"

मर्लनं लॅपटॉप मिटला. बैठकीत काहीच बोललं नाही तरी तो जिंकणार होता. काउंटी गारलंडवर इतकी चिडलेली की कुलपाच्या बाजूनं हात वर करायची कुणाची छाती नव्हती. सोमवारी नवी यादी येईल, त्यात तो गुपचूप खूण टाकेल, स्कॅनर बोलायला लागतील, आणि लोक म्हणतील, गारलंड घाबरला, त्यानं कुलूप काढलं. मर्लचे सोमवार सुखरूप. इतका सोपा विजय त्याला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

काउंटीच्या दालनात एरवी सात माणसं येतात. आज उभं राहायला जागा नव्हती. समोर टेबलामागं तीन सभासद, मधोमध अध्यक्षीणबाई. गारलंड पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर बसला होता, भुवयांवर सकाळच्या शेडची राख तशीच. त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. मागून आवाज येत होते.

"कुलूप तर लावलंच, आता मतं कशाला विचारताय?"

"किल्ली गिळलीस का, गारलंड?"

गारलंड उठला, काहीतरी म्हणाला, त्या गलक्यात कुणाला ऐकू आलं नाही, परत बसला. त्याची मान लाल झाली होती. मर्लला ती मान ओळखीची होती. सातवीत अर्डिथबाईंनी वर्गासमोर उभं केलं की ती अशीच लाल व्हायची. आणि तेव्हाही नकाशाची चूक मुळात मर्लचीच असायची.

मर्ल उठला. खिशातलं भाषण काढलं, बघितलं, परत खिशात घातलं.

"मर्ल, दोन मिनिटं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"एवढी नाही लागणार. कुलूप कुणी लावलेलं नाही. मी आपलं अग्निशमन दल चीनला पाठवलं."

गारलंड खुर्चीतच मागं वळला.

"कुठं?" गारलंडनं विचारलं.

"चीनला."

"कधी?"

"सोमवारी सकाळी. यादीत वजाची खूण राहिली. पश्चिम होती, तिची मी पूर्व केली. खुराड्यातल्या कोंबड्यांना सोमवारपासून सगळं ऐकू येतंय. तुमच्याआमच्या स्कॅनरना नाही."

गारलंड सावकाश उठला. "म्हणजे काल मी सहा शेतांत बोलणी खात होतो..."

"यादीप्रमाणे तू पठारावर होतास. तिथं गवतसुद्धा नाही."

सगळ्यात आधी अर्डिथबाई हसल्या. त्यांचं हसणं बारीक, पण दालनात सुईसारखं शिरलं. "मर्ल डिटमर," त्या म्हणाल्या, "सातवीतही तू पूर्व-पश्चिम उलटंच लिहायचास. मी लाल शाईनं किती वेळा..." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. अध्यक्षीणबाई हातोडा आपटत होत्या, पण त्यांचेच खांदे हलत होते.

हसू ओसरेपर्यंत गारलंड तसाच उभा राहिला. मग त्यानं भुवया पुसल्या. राख कपाळभर पसरली.

"काल ट्रिशला ब्याऐंशी फोन आले," तो म्हणाला. "त्यातले नऊ एकट्या अर्डिथबाईंचे."

"दहा," अर्डिथबाई म्हणाल्या. "एक तुमच्या लोकांनी उचललाच नाही."

"दहा. एरवी दिवसाला चार येतात. लोक ऐकत असतात म्हणून विचारत नाहीत, हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं. कुलूप लावलं तर माझे सगळेच दिवस कालसारखे जातील. मला नको कुलूप, मी प्रस्ताव मागे घेतो. पण तीन अटी आहेत. सँडविच फाटकाबाहेर, गाड्या रस्त्याच्या एकाच कडेला. आणि या माणसानं," त्यानं मर्लकडे बोट केलं, "इथून पुढे यादीत काहीही भरलं, तर आधी अर्डिथबाईंना दाखवायचं."

"मी लाल शाई आणेन," अर्डिथबाई म्हणाल्या.

टेबलामागच्या तिघांनीही हात वर केले. बाहेर पडताना गारलंडनं मर्लच्या खांद्यावर असा काही हात ठेवला की गुडघे करकरले. "पुढच्या सोमवारपर्यंत नवी यादी येणार नाही ना?"

"नाही."

"म्हणजे तोवर एकेक स्कॅनर हातानं भरावा लागणार."

"एक्केचाळीस आहेत."

"बेचाळीस. माझ्या आईचा राहिला. ती चिडलीय, लवकर जा."

दुपारी मर्लनं अर्डिथबाईंचा स्कॅनर आकडा आकडा करून भरला, त्या शेजारी बसून प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "चीनमध्ये हवा कशी आहे?" शेवटचा आकडा घातला तसा डबड्यातून ट्रिशचा दमलेला आवाज आला: कुणीतरी दक्षिणेकडच्या रस्त्याला ऐंशी एकर जाळतंय. अर्डिथबाईंनी मान डोलावली आणि विणकाम उचललं. मर्लनं सुई आणि 'टाळा'चं बटण यांच्यात किती अंतर आहे ते बघून घेतलं. मग गारलंडच्या आईकडे, मग आणखी तीन घरी.

तो घरी आला तेव्हा ओलेटा मागच्या पायरीवर उभी होती. तिनं एका हातात बादली दिली, दुसऱ्या हातात ओलं फडकं.

"स्कॅनर फेब्रुवारीपासून पुसलेला नाहीये," ती म्हणाली. "त्याच्यावर बसतात त्या. आणि पाणी बदल, पाणी गढूळ झालंय."

मर्लनं भाषणाची दोन पानं खुराड्याच्या तळाला अंथरली, पाण्याचं भांडं खळखळून धुतलं, भरलं, आणि तडकलेल्या काचेवरची वाळलेली शीट नखानं खरवडायला लागला.